वटवाघळाचं तेल

मंडळी, 'नैसर्गिक तेल' हे दोन शब्द बाटलीवर दिसले की आपल्यातल्या भल्याभल्या इंजिनियरांचं डोकं स्टँडबाय मोडमध्ये जातं, असं माझं प्रामाणिक मत आहे. कुठलं तेल, त्यात काय, किती प्रमाणात, कोणी विचारतच नाही. आज हाच मुद्दा जरा आडवळणाने मांडतो, वटवाघळांच्या मदतीने. (तोंड वाकडं करू नका, पुढे वाचा.)

आपल्यासारख्याच वटवाघळांच्या कातडीतही तैलग्रंथी असतात. केसांवर आणि पंखांच्या पातळ पडद्यावर त्यांचा तेलकट थर असतो. ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, मेणासारखी द्रव्यं, सुटी फॅटी ॲसिड्स अशी त्यात सगळी खिचडी. कातडी मऊ ठेवणं, आतलं पाणी उडू न देणं ही याची रोजची कामं. पण हा थर म्हणजे एक फायरवॉलही आहे, आणि ते कळायला एक साथ यावी लागली.

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेल्या वटवाघळांचे फोटो निघाले. व्हाइट नोज सिंड्रोम. ही बुरशी थंडीतच वाढते, २० अंशांच्या वर तिचं काही चालत नाही. म्हणून ती नेमकी शीतनिद्रेत थंड पडलेल्या वटवाघळाला गाठते. ते पुन्हापुन्हा जागं होतं, प्रत्येक वेळी साठवलेली चरबी जाळतं आणि वसंत यायच्या आत उपाशी मरतं. २०२१ च्या एका अभ्यासानुसार तीन जातींची ९० टक्क्यांहून जास्त वटवाघळं दहा वर्षांच्या आत गेली. त्यातली एक लिटल ब्राऊन बॅट.

तिच्याच भागात राहणारी बिग ब्राऊन बॅट मात्र बऱ्यापैकी टिकली. का? अंगाने मोठी, चरबीचा साठा जास्त, हे आहेच. पण संशोधकांनी दोघींच्या पंखांची कातडी तपासली तेव्हा गंमत दिसली. फॅटी ॲसिड्स दोघींकडे तीच, प्रमाण वेगळं! आणि प्रयोगशाळेत त्यातली काही या बुरशीची वाढ रोखतात. उदाहरणार्थ लिनोलेइक ॲसिड. आपल्या करडईच्या तेलात भरपूर असतं, तेच ते.

म्हणजे कुठलंही गुप्त अस्त्र नाही. घटक तेच, कॉन्फिगरेशन वेगळं.

आता उलटं उदाहरण घ्या. आपल्या डोक्यातल्या कोंड्यामागे असते ती मॅलासेझिया नावाची बुरशी टाळूवरच्या तेलावरच जगते. तिथे 'नैसर्गिक तेल' ही ढाल नाही, पंगत आहे! त्यामुळे "तेल बुरशीला मारतं" आणि "तेलाने बुरशी वाढते" ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात आणि दोन्ही सरसकट वापरली तर निरुपयोगी. जाहिरातवाले यातलं सोयीचं वाक्य उचलतात, त्यांचा धंदाच आहे तो. आपण का उचलावं?

"मग गुहेत फवारा ना करडईचं तेल!" असं कोणीतरी म्हणणारच. माझा याला विरोध आहे. झोपलेल्या वटवाघळाला हात लावला की ते जागं होतं, आणि जागं होणं हेच तर त्याला मारतंय. शिवाय गुहेत इतरही बुरश्या आणि जीवाणू पिढ्यान् पिढ्या नांदत असतात, त्यांचं काय? उपचारांचे प्रयोग जरूर व्हावेत, पण प्रॉडक्शनवर थेट पॅच टाकायची ही जागा नव्हे. लिटल ब्राऊन बॅटला वर्षाला एकच पिल्लू होतं. रोलबॅक नाही.

त्यापेक्षा मला ती कंटाळवाणी मॅट आवडते. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये गुहा बघून बाहेर येताना जैवसुरक्षा मॅटवरून चालायला लावतात, कारण ही बुरशी युरोपातून अमेरिकेत बहुधा माणसांच्या बुटांवरून किंवा सामानावरून आली. २०१६ मध्ये तर ती पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यात उगवली, आधीच्या ठिकाणापासून सुमारे २१०० किलोमीटर लांब. ती एवढी उडी कशी मारली असेल, विचार करा.

तेव्हा ऑनसाइटवाल्यांनो, लाँग वीकेंडला तिकडे गेलात तर मॅटला वळसा घालून फोटो काढायला पळू नका. आणि आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत घातलेले बूट असतील, तर ते घरीच राहू द्या.