बौद्धवाडीचे पाणी आणि मुलांची उंची

मूल वयाच्या मानाने बुटके राहिले की घरातली माणसे म्हणतात, "आजोबांच्या वळणावर गेले." शेजारी म्हणतात, "नीट खात नाही." दोन्हींत थोडे तथ्य असते. पण तिसरे कारण पाणवठ्यावर आणि हागणदारीत असते, त्याकडे आपले लक्ष जात नाही. आमचे म्हणणे असे की मुलांच्या खुजेपणाचा प्रश्न ताटाइतकाच पाण्याचा आणि संडासाचा आहे. आपल्या देशात तो म्हणूनच जातीचाही आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३४.४ टक्के बालके खुजी होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ३५.२ झाला. याच काळात देशाचा आकडा ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. देशपातळीवर अनुसूचित जातींच्या मुलांत खुजेपणा सुमारे ३९ टक्के, जमातींत ४१ टक्के, तर इतर वर्गात ३० टक्के आहे. उंची केवळ आजोबांवर जात असती, तर तिने जातीची उतरंड इतकी तंतोतंत पाळली नसती.

हे घडते कसे? उघड्यावरची विष्ठा पावसाने विहिरीत उतरते, माशांच्या पायांनी भाकरीवर येते, रांगणाऱ्या मुलाच्या बोटांनी तोंडात जाते. जुलाब लागतात तेव्हा निदान कळते तरी. पण जुलाब नसतानाही हे जंतू आतड्याच्या आतील अस्तराला सतत इजा करत राहतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही, आणि जे लागते त्यातले बरेच जंतूंशी झुंजण्यात खर्च होते. जंत असतील तर तेही वाटेकरी. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांत ही गळती झाली की पुढे ती भरून काढणे फार कठीण. शिवाय ज्या आईचे दोन तास हंड्यापायी जातात, तिने बाळाला दिवसातून चार वेळा भरवायचे तरी कधी?

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २००४ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील काही गावांत संडासाची मोहीम राबवून त्यांची तुलना इतर गावांशी केली गेली. मोहीम झालेल्या गावांतील मुले सरासरी सुमारे एक सेंटिमीटरने उंच भरली. मात्र बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांत घरोघरी साधा संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन एवढेच देऊन उंची वाढली नाही. आम्ही यातून एवढेच घेतो की एका घराची स्वच्छता पुरत नाही. शेजारचा उघड्यावर जात असेल तर माशी घराचा उंबरठा ओळखत नाही. वस्ती पूर्ण व्हावी लागते, आणि सोबत पोटभर सकस अन्नही लागते.

मग संडास बांधूनही वापरले का जात नाहीत? पहिले कारण पाणी. पिण्यालाच हंडा पुरत नसेल तर संडासात बादली कोण ओतणार? दुसरे कारण डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे : खड्डा भरला तर उपसणार कोण, ही सवर्ण मनातली विटाळाची भीती. म्हणजे ज्या कल्पनेने आपल्या माणसांच्या हाती मैला दिला, तीच कल्पना आज गावातल्या सगळ्या मुलांची वाढ खुंटवते, सवर्णांच्या मुलांचीही. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा बंद ठेवला की वर्ष-दोन वर्षांत त्याचे खत होते. कुणालाही मैल्यात उतरावे लागत नाही. २०१३ च्या कायद्याने तर ते कामच बंद केले आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले ते माणूसपणाच्या हक्कासाठी. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तलाव आले, कलम ४७ ने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. विनयात भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला खुद्द तथागतांनी आनंदासह धुऊन काढले. स्वच्छता आपल्याकडे विटाळ म्हणून आलेली नाही, करुणा म्हणून आली आहे.

आपण खारघरला नळ आटला की सोसायटीच्या सभेत आवाज चढवतो, टँकर मागवतो. पण याच खारघरच्या डोंगरावर आदिवासी पाडे आहेत. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आपल्यापैकी अनेकांच्या गावची बौद्धवाडी त्यांतलीच. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे वचन दिले आहे. आपल्या वाडीत ते उन्हाळ्यातही पोहोचते का, हे १ मेच्या ग्रामसभेत विचारायला हवे. गावच्या मुंबई मंडळाने जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा वाडीच्या पाण्यासाठी आणि संडासांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा, अशी आमची सूचना आहे.

घरातही काही गोष्टी आजपासून करता येतील. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी नसते, तीही संडासातच टाकावी. भरवण्याआधी हात साबणाने धुवावेत. जुलाब लागल्यास लगेच ओआरएस सुरू करावे, आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे आणि खाणे तोडू नये. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून मागावी.

तळे खुले झाले. आता त्या पाण्याने आपली लेकरे वाढली पाहिजेत.

जय भीम.