बिल्ल्याची पाठ

गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी कंपासपेटीत कापसात गुंडाळून एक बिल्ला घेऊन आली. "बाई, हा इंग्रज सोल्जरच्या टोपीवरचा आहे. पणजोबांना देवळालीला मिळाला." दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी जाणारे गोरे सैनिक बोटीची वाट बघत थांबायचे. तिचे पणजोबा तिथे कपडे धुण्याच्या कामावर होते.

बिल्ला हातोहात फिरला आणि एकच हशा! बिल्ला चक्क प्लॅस्टिकचा! "जत्रेतला आहे!" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं आणि मी ते बोलूनही गेले. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

घरी गेल्यावर मला काही चैन पडेना. चाळाचाळ केली, दोघाचौघांना विचारलं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन आम्ही बिल्ला उलटा केला. पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरं: 'ए. स्टॅन्ली अँड सन्स, वॉल्सॉल'. वॉल्सॉल हे बर्मिंगहॅमजवळचं शहर. युद्धात धातूची चणचण होती, म्हणून १९४२ च्या सुमारास ब्रिटनने टोपीवरचे बिल्ले प्लॅस्टिकचे काढले आणि ही कंपनी ते बनवत होती! मागे पत्र्याच्या दोन पट्ट्याही होत्या, टोपीतून आरपार घालून दुमडायच्या. मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली.

मग काय, नाव दिसलं की बिल्ला खरा? छे! लंडनची फर्मिन, बर्मिंगहॅमची जे. आर. गॉन्ट ही नावं नकली माल करणाऱ्यांनाही पाठ असतात. ते बिल्ल्याबरोबर नावही उठवतात. उलट कितीतरी अस्सल बिल्ल्यांवर नावच नसतं. म्हणून नावाबरोबर बाकीची पाठही वाचायची.

धातूचे बहुतेक जुने बिल्ले पत्रा पोलादी छापात दाबून काढलेले. त्यामुळे पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा. चॉकलेटची चांदी रुपयाच्या नाण्यावर ठेवून बोटाने घासा आणि उलटी करून बघा, लगेच कळेल. नकली बिल्ला पुष्कळदा खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन ओतलेला असतो. त्याची पाठ खरबरीत, बारीक छिद्रांची, आणि नक्षी बोथट, जणू साबणाच्या वडीवरचं झिजलेलं नाव! शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून असा बिल्ला मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरतो. पट्टी घेऊन मोजायला हरकत नाही.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असा एखादा बिल्ला निघाला, तर आधी पाठ बघा हं. आणि आईबाबांनो, दिवाळीच्या साफसफाईत त्याला ब्रासो लावून घासू नका. पाठीवरची अक्षरं फार उथळ असतात.