इंदूर काही लांब नाही

धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करीत आपण इंदूरला निकाहाला जातो, कपड्यांच्या खरेदीला जातो. त्याच इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात सुमारे १७२ मीटर घेराचे एक यंत्र आहे, इंडस-२. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवतात आणि वळताना त्यांच्यातून अतिशय प्रखर क्ष-किरण निघतात. हाच सिंक्रोट्रॉन प्रकाश.

त्याचा उपयोग काय? त्याने पदार्थातील अणूंची मांडणी कळते. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना अशाच किरणांनी उलगडली. त्या कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन यांना आणखी दोघांसह २००९चे नोबेल मिळाले. जंतूंवरची काही औषधे रायबोसोमला नेमकी कुठे चिकटतात, हेही त्यातून समजले. बॅटरी आणि मिश्रधातू तपासायलाही हा प्रकाश कामी येतो.

विद्यापीठांतील संशोधक प्रस्ताव पाठवतात. तो मंजूर झाला की आपले नमुने घेऊन तिथे जातात. म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलीलाही हे दार बंद नाही.

पण आमच्या घरांत मुलगी बी.एस्सी. झाली की आम्हीच म्हणतो, "बस झालं बेटा, आता लांब कुठे जाणार?" निकाहाला जाताना जो रस्ता आम्हाला लांब वाटत नाही, तो शिकणाऱ्या लेकीसाठीच का लांब व्हावा? यंदा निकाल लागला की आधी तिलाच विचारू या.