षष्ठी विभक्तीतला सेनानी

चाकणचे नाव आज घेतले जाते ते वाहनांच्या कारखान्यांमुळे. १६६० साली याच गावच्या भुईकोटात, संग्रामदुर्गात, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाच्या अवाढव्य फौजेला सुमारे छप्पन्न दिवस थोपवून धरले. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे किल्ला पडला. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली. त्या दुर्गाचे आज उरले आहेत ते तटाचे तुकडे, बुरुजांचे अवशेष आणि खंदकाच्या खुणा. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जयंत्यांच्या वर्गण्या आणि फ्लेक्स यांना तर काही तोटा नाही. मग या सेनानीच्या वाट्याला एवढीच उपेक्षा का? आमचे उत्तर कटू आहे: त्याच्या नावावर हक्क सांगून कोणाचीही गादी बळकट होत नाही.

स्मारकांवरून स्पर्धा आजची नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा रचला. टिळकांनी १८९५ पासून 'केसरी'तून रायगडावरील समाधीसाठी निधी उभारला. त्यांच्या हयातीत मात्र ते काम पुरे झाले नाही. शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने पुण्यातील शिवस्मारकाची पायाभरणी १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली, पुतळा उभा राहिला १९२८ साली. या चढाओढीत हेवेदावे होतेच. पण राजा कोणाचा, रयतेचा की धर्माचा, हा अर्थाचा प्रश्नही होता. त्यातून मराठीत इतिहासलेखन झाले, वाङ्मय झाले.

आता उरला आहे तो केवळ श्रेयाचा प्रश्न. १ मे २०२२ रोजी राज ठाकरे यांनी औरंगाबादच्या सभेत समाधीचे श्रेय टिळकांना दिले, लगेच विरोधकांनी फुल्यांचे नाव पुढे केले. या गदारोळात समाधीच्या देखभालीविषयी कोण बोलले? मालवणला डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यावर उपाय काय, तर त्याच जागी त्याहून उंच पुतळा!

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी कोनशिलांचे व्याकरण एकदा तपासून पाहावे. 'अमुक वीराच्या पुतळ्याचे अनावरण तमुक यांच्या शुभहस्ते' या वाक्यात वीर केवळ षष्ठीपुरता येतो. 'सन्माननीय', 'लोकप्रिय', 'कार्यसम्राट' ही सारी विशेषणे हस्तवाल्यांच्या वाट्याला. ज्याने हात चालवला तो संबंधी, ज्याने पडदा ओढला तो नायक! हे व्याकरण वर्गणीच्या पावतीपासूनच सुरू होते: वर वीराचे चित्र, खाली पुढाऱ्याचे, आणि हिशेबाची जागा कोरी.

पुतळ्यांनी समाज जागा होतो, असे कोणी म्हणेल. होतो; पण जागे झाल्यावर त्याने निधीचा जमाखर्च मागितलेला किती पुढाऱ्यांना रुचतो? आमची मागणी साधी आहे. प्रत्येक स्मारकनिधीचा जमाखर्च जाहीर व्हावा, त्यातला ठरावीक वाटा जुन्या वास्तूंच्या देखभालीला जावा, आणि त्याची सुरुवात संग्रामदुर्गापासून व्हावी. ढासळणाऱ्या तटाचा एक दगड परत बसवणे, हा आमच्या लेखी शंभर फुटी पुतळ्याहून मोठा मुजरा आहे. त्या दगडावर नाव कोरायला जागा नसते, हीच त्याची अडचण.