जुन्या इंजिनाचा नवा श्वास

दसऱ्याच्या सकाळी महामार्गालगतच्या कोणत्याही ट्रकतळावर गेलात, तर एक मनोहर दृश्य पाहावयास मिळते. रात्रभर धुवूनपुसून उभ्या केलेल्या गाड्यांना झेंडूच्या माळा, बंपरला आंब्याची डहाळी, चाकांखाली लिंबे. शेजारच्या गॅरेजमध्ये पाने, हातोडे, जॅक पाटावर मांडून त्यांवर हळदकुंकू वाहिलेले असते. ज्याच्या आधारे पोट भरते, त्यापुढे वर्षातून एकदा तरी नतमस्तक व्हावे, हा या भूमीचा संस्कार आहे. परंतु यंत्राची पूजा करणारा समाज त्या यंत्राचा धर्म, म्हणजे त्याची क्षमता आणि मर्यादा, तितक्याच श्रद्धेने समजून घेतो का, हा प्रश्न या निमित्ताने विचारावयास हवा.

हा प्रश्न मनात येण्याचे कारण एक साधा प्रसंग आहे. सातारा जिल्ह्यातील परिचयाचे एक ट्रकमालक. गाडी एकच, तीही जुन्या बांधणीची, सहा सिलिंडरच्या साध्या इंजिनाची. कराडचा गूळ मुंबईकडे न्यावयाचा आणि परतताना मिळेल तो माल आणावयाचा, हा त्यांचा व्यवसाय. घाटात गाडी मुंगीच्या पावलाने चढे. मागून येणाऱ्या नव्या गाड्या पुढे निघून जात. कोणीतरी सांगितले, भंगारातला टर्बो बसवून घ्या, गाडी पाखरासारखी चढेल. महामार्गावरील एका गॅरेजमध्ये दोन दिवसांत ते काम झाले. डिझेल पंपाचे सील तोडून पंपही 'वाढवून' दिला. महिनाभर सारे छान चालले. मग एका दुपारी पनवेलहून लोखंडी सळया भरून बोरघाट चढताना इंजिनाने जागीच मान टाकली. हेड उघडले, तेव्हा एका पिस्टनचा माथा वितळलेला होता. लायनर, ब्लॉक सारेच गेले होते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागला आणि गृहस्थ आज दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम करतात.

या प्रसंगात दोष कोणाचा? मालकाचा लोभ नव्हता, त्याला केवळ टिकावयाचे होते. मिस्त्रीही लबाड नव्हता, तो हाताचा कुशल होता. दोष होता तो अर्धवट ज्ञानाचा. आणि ते पुरे करण्याची कोणतीही व्यवस्था त्या मिस्त्रीसाठी समाजाने उभी केली नाही, याचा.

टर्बोचे शास्त्र मुळात सोपे आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात हे प्रमाण अठरा-वीसच्या खाली आले की काळा धूर सुरू होतो. म्हणजे इंजिनाची शक्ती डिझेलवर नव्हे, तर ते किती हवा आत घेते यावर ठरते. आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे राबलेले टाटांचे ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, एकूण घनफळ ५,६७५ सीसी. मिनिटाला २,८०० फेऱ्या मारताना ते सुमारे सात हजार लिटर हवा ओढते आणि १३० अश्वशक्तीच्या आसपास काम देते. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या तप्त वायूवर एक छोटे चक्र फिरवून, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने तेवढ्याच सिलिंडरांत दाबाने अधिक हवा भरावयाची, ही टर्बोची युक्ती. ते चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेते. हिमालयाच्या उंचीवर हवा विरळ होते, तेथे साधे इंजिन धापा टाकते आणि टर्बोचे इंजिन बरेचसे बळ टिकवून धरते. लडाखच्या सीमेवर रसद नेणाऱ्या जवानासाठी हा फरक किती मोलाचा असेल, हे सांगावयास नको.

परंतु शक्ती वाढली की तिच्यासोबत उष्णता आणि दाबही वाढतो. दाबलेली हवा स्वतःच शंभर अंशांच्या जवळ तापते. ती थंड करण्यासाठी इंटरकूलर हवा. वाढलेला दाब हेड गॅस्केटने सोसावयास हवा. पिस्टनचा माथा थंड ठेवण्यासाठी खालून तेलाचा फवारा हवा. जुन्या अनेक इंजिनांत तो नसतो. टर्बोच्या बेअरिंगला तेलाची स्वच्छ धार हवी आणि ते तेल खाली परत जाण्याची नळी रुंद व उताराची हवी. चढ चढून आल्यावर इंजिन एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे लागते, नाहीतर थांबलेले तेल तप्त टर्बोत जळून कोळसा होते. बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान दाखवणारा मापक चालकासमोर असावयास हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टर्बो चढ चढावयास मदत करतो, उतार उतरावयास नाही. गाडीचे ब्रेक, पाटे, गिअरबॉक्स जुनेच राहतात. बळ वाढले म्हणून दोन टन अधिक भरले, तर त्याची किंमत घाटाच्या पायथ्याशी एखादे निरपराध कुटुंब मोजते.

जर्मनीत याच घराण्यातील इंजिनाला मूळ कंपनीने टर्बो बसवला आणि शक्ती १७० अश्वशक्तीच्या जवळ नेली. पुढे टाटांनीही ६९७ ची टर्बो आवृत्ती रस्त्यावर आणली. म्हणजे ही गोष्ट अशक्य कधीच नव्हती. कारखान्यात ती विचारपूर्वक, मोजून, चाचणी घेऊन झाली. गॅरेजमध्ये ती अंदाजाने झाली.

येथे एक वैचारिक मुद्दाही आहे. डिझेल इंजिन रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे, १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी झालेले. टर्बोचे पेटंट १९०५ चे, स्वित्झर्लंडच्या अल्फ्रेड ब्यूखी यांचे. त्याच देशातील सॉरर कंपनीने १९३८ मध्ये ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवून दाखवला. आपल्याकडे टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेन्झशी करार केला, पंधरा वर्षांनी तो संपला आणि त्यानंतर ती गाडी पूर्णपणे आपली झाली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडताना जी दृष्टी दिली, तिचे सार असे की, जे आपले आहे ते युगानुकूल करावे आणि जे बाहेरचे आहे ते देशानुकूल करून घ्यावे. जुन्या इंजिनाला टर्बो बसवणे ही या दोन्ही क्रियांची एकत्र परीक्षा आहे. परकीय कल्पना नुसती उचलून बोल्टने आवळली म्हणजे ती देशानुकूल होत नाही. ज्याला ती जोडावयाची, त्याची प्रकृती जाणून जोडली तरच ती पचते.

अलीकडे 'जुगाड' या शब्दाचे फार कौतुक होते. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतूनही त्याचा गौरव झाला आहे. अभावात मार्ग काढणाऱ्या बुद्धीचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु जुगाड हा आपला आदर्श असू शकत नाही. ज्या देशात दिल्लीचा लोहस्तंभ शतकानुशतके न गंजता उभा आहे, त्या देशाची कारागिरी 'चालतंय ना' या वृत्तीची कधीच नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तो शेतकऱ्याच्या तक्रारी ऐकून, सुधारून. किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० मध्ये जे उभे राहिले, तो जुगाड नव्हता; ती साधना होती.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जुन्या गाड्या मुळात मोडीतच काढाव्यात. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली, २०२१ मध्ये वाहन मोडीचे धोरणही आले. मग जुन्या इंजिनाचा विचार कशासाठी? धोरण योग्यच आहे, शहरांच्या हवेसाठी आवश्यकही आहे. पण एका गाडीवर घर चालवणाऱ्याला नवी गाडी उद्या घेता येणार नाही, हेही तितकेच खरे. शिवाय हीच इंजिने कोकणच्या मासेमारी नौकांवर आणि जनित्रांवर आहेत. ती आणखी काही वर्षे चालणारच असतील, तर ती सुरक्षित आणि कमी धुराने चालावीत, यात राष्ट्राचेच हित आहे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे अधोरेखित केले. कायदा मोडून टर्बो बसवा, असे येथे सुचवावयाचे नाही. उलट, सीएनजीच्या संचाला जशी तपासणीची आणि मान्यतेची वाट आहे, तशी प्रचलित जुन्या इंजिनांसाठी चाचणी झालेल्या टर्बो-संचाला असावी, ही मागणी आहे. पुण्यात १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. आसपास सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकांचे जाळे आहे. शक्ती किती वाढवावी, कोणती इंजिने अपात्र ठरवावीत, हे तेथे ठरू शकते. मान्यतेची वाट बंद असली की काम थांबत नाही, ते रात्री शटर ओढून होते.

आणि त्याहून महत्त्वाचा आहे तो मिस्त्री. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी अशा अठरा व्यवसायांना तिने प्रशिक्षण, अवजारे आणि कर्ज यांचा आधार दिला. पारंपरिक कारागिराला मिळालेला हा सन्मान उशिरा का होईना मिळाला, याचा आनंद आहे. पण त्या अठरांत मोटार मिस्त्री नाही. लोहाराच्या भट्टीचा आजचा वारसदार महामार्गावरील गॅरेजमध्ये, तेलाने माखलेल्या कपड्यांत उभा आहे, हे धोरणकर्त्यांच्या ध्यानात आणून द्यावयास हवे. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रमदिन मानतो. त्या दिवसाचा अर्थ या कारागिरापर्यंत पोहोचला पाहिजे.

सरकारची वाट पाहत बसणे हा मात्र आपला स्वभाव नाही. आपल्या वाचकांत अभियंते आहेत, तंत्रनिकेतनांतील आणि आयटीआयमधील शिक्षक आहेत, कारखान्यांतून निवृत्त झालेले फोरमन आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या गावाजवळच्या गॅरेजमधील चार मुलांना दिली, त्यांना दाबमापक वाचावयास शिकवले, 'का' हा प्रश्न विचारावयास शिकवले, तर त्या मुलांच्या हातून दुरुस्त झालेली गाडी घाटात एखाद्याचा जीव वाचवील. त्या मुलांकडूनही आपणांस बरेच शिकावयास मिळेल. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगणारे कान पुस्तकातून येत नाहीत.

येत्या दसऱ्याला पाने-हातोड्यांवर फूल वाहताना त्यांच्याशेजारी एक वही आणि एक मापकही ठेवू या. साताऱ्याच्या त्या गृहस्थांची गाडी परत येणार नाही. त्यांच्यासारख्या पुढच्या माणसाची गाडी तरी घाटात उभी राहू नये, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.