हाली आणि कलदार

"काका, येरमाळ्यात दोघांना महिन्याला किती पुरतात?" असा फोन मला अधूनमधून येतो. कधी दुबईहून, कधी न्यू जर्सीहून. विचारणारे बहुधा आमच्याच पट्ट्यातले असतात, कळंब, वाशी, बार्शीकडचे. पंधरा-वीस वर्षे बाहेर काढलेली असतात आणि आता परतावे की काय, असा विचार मनात घोळत असतो. मला विचारण्याची कारणे दोन. मी ३६ वर्षे बँकेत नोकरी केली, त्यामुळे हा माणूस आकडे खोटे सांगणार नाही, असा त्यांचा समज असतो. मी कादंबऱ्याही लिहिल्या, हे ते सोयीस्करपणे विसरतात. दुसरे कारण म्हणजे मी आणि माझी पत्नी तीन वर्षे मुलाकडे एडिसनला राहिलो, तिथले ग्रीन कार्ड सोडून दिले आणि येरमाळ्याच्या जुन्या घरात परत आलो. दोन्हीकडचा रोजचा खर्च माझ्या वहीत आहे. बँकेतली सवय, दुसरे काय!

एवढे असूनही या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता येत नाही. फोन ठेवल्यावर हटकून आजोबांची आठवण येते.

आजोबांच्या काळात येरमाळा निजामाच्या मुलखात होते आणि बार्शी इंग्रजांच्या. म्हणजे बाजाराला जाणे हेच परदेशी जाणे. वाटेत करोडगिरीचा नाका, मालावर जकात आणि मुलूख बदलला की रुपयाही बदलायचा. आमचा तो हाली सिक्का, चारमिनारच्या छापाचा. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण दर. आजोबांच्या कमरेला दोन कसे असत, एक हालीचा आणि एक कलदारचा. बार्शीच्या पेठेत दुकानदाराने भाव सांगितला की ते आधी विचारायचे, "हाली का कलदार?" माल बार्शीत विकला की हातात कलदार यायचा, शेतसारा मात्र हालीत भरायचा. त्यांना शाळा ठाऊक नव्हती, पण कोणता पैसा कुठे खर्चायचा आणि कुठे राखायचा, याचा हिशेब ते चालता चालता करत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि पुढच्या काही वर्षांत हाली सिक्काही चलनातून गेला. आमच्या घरात चारमिनारचे दोन रुपये बरीच वर्षे देव्हाऱ्यात होते. पुढे ते कुठे गेले, कोणास ठाऊक.

आता एडिसनकडे वळतो. आम्ही परत का आलो, याची कारणे सांगताना लोक हवामान सांगतात, एकटेपणा सांगतात. तेही खरेच. पण आमच्या परतण्याचा निर्णय एका तक्त्यावर झाला आणि ते सांगायला हरकत नाही. तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात पत्नी बर्फावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. मुलाने आमचा विमा काढला होता, पण तिकडच्या विम्यात डिडक्टिबल नावाचा प्रकार असतो. एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही सोसायचा आणि मग विमा कंपनी जागी होणार. सरकारी मेडिकेअर आमच्यासारख्यांना मिळायचे तर वयाची ६५ वर्षे पूर्ण हवीत आणि कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षांचे वास्तव्यही हवे. प्लास्टर निघेपर्यंत बिले येत राहिली. क्ष-किरणाचे वेगळे, तो फोटो वाचणाऱ्याचे वेगळे. मुलगा एका शब्दाने काही बोलला नाही. मात्र एका रविवारी त्याने संगणकावर तक्ता करून दाखवला. डावीकडे एडिसन, उजवीकडे येरमाळा. घर, वीज, किराणा, दवाखाना, औषधे. तळाशी बेरीज. तो अगदी प्रेमाने म्हणाला, "बाबा, तिकडे तुम्ही राजासारखे राहाल."

पत्नीने चष्मा लावून तक्ता नीट पाहिला. रात्री झोपताना म्हणाली, "म्हणजे इथं आपण महाग पडतो."

यात मुलाची चूक नव्हती आणि तिचीही नव्हती. आकडे बरोबर होते, आणि माझे सगळे आयुष्य बरोबर आकड्यांवर सह्या करण्यात गेलेले. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही परतलो. त्याच महिन्यात डॉलरने ८५ रुपये ओलांडले, तेव्हा मुलाने फोनवर हसत सांगितले की तुमची स्वस्ताई आणखी वाढली.

वर्षभर वही लिहिल्यावर तक्त्यातले काय खरे ठरले आणि काय नाही, ते सांगतो. दूध, भाजी, दाढी-कटिंग, घरी येऊन नळ दुरुस्त करणारा माणूस, बार्शीच्या डॉक्टरांची फी या सगळ्यांत मुलगा तंतोतंत बरोबर निघाला. एडिसनला कटिंगचे २० डॉलर आणि वर बक्षिशी, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये पडत. इथे चौकात ८० रुपयांत काम होते आणि गावातल्या बातम्या फुकट मिळतात. माझ्या एकेका कादंबरीचे मानधन पाहता एडिसनला तेवढ्यात वर्षभर दाढीही झाली नसती.

पण पेट्रोल घ्या. न्यू जर्सीत तीन डॉलरच्या आसपास एक गॅलन मिळायचे. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, तेव्हा लिटरला सत्तर रुपयेही पडत नव्हते. इथे लिटरला शंभराच्या वर. गंमत अशी की स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने मनाई असलेले न्यू जर्सी हे अमेरिकेतले एकमेव राज्य आहे. पंपावर माणूस येऊन भरून देतो. त्या एका ठिकाणी मला येरमाळ्याच्या पंपावर उभे असल्यासारखे वाटे. मुलाने घेतला तोच मोबाइल इथे जास्त किमतीला मिळतो. गोडे तेल, सोने, खताची गोणी यांचे भाव येडाईच्या डोंगराकडे पाहून ठरत नाहीत, ते जगाच्या बाजारात ठरतात. पाण्याचा टँकर, पिण्याच्या पाण्याचे जार आणि वीज गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर या गोष्टींना तर तक्त्यात रकानाच नव्हता. एडिसनला नळ सोडला की पाणी येते, ते त्याने गृहीत धरले होते.

हे कोडे अर्थशास्त्रज्ञांना फार पूर्वी पडले. देशादेशांतल्या किमती ताडून पाहण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय उद्योग १९६८ मध्ये सुरू झाला आणि क्रेव्हिस, हेस्टन, समर्स या मंडळींनी त्यात आयुष्य घातले. पुढे जागतिक बँकेने तो चालवला. २०१७ च्या त्यांच्या मोजणीत निघाले की अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते, तेवढे भारतात २० रुपये ६५ पैशांत मिळते. त्या वर्षी डॉलरचा बाजारातला सरासरी दर होता ६५ रुपये १२ पैसे. म्हणजे डॉलर घेऊन इथे येणाऱ्याचा रुपया तिपटीहून जास्त फुगतो. असे का होते, याचे उत्तर १९६४ साली बालासा आणि सॅम्युएल्सन या दोघांनी वेगवेगळ्या निबंधांत दिले. सोप्या भाषेत सांगायचे तर खत, तेल, मोबाइल यांची ने-आण होते, म्हणून त्यांचे भाव जगभर एकमेकांना धरून राहतात. कटिंगची ने-आण होत नाही. येरमाळ्याचा न्हावी एडिसनच्या न्हाव्याइतकेच चांगले केस कापतो, कंगवाही तोच, पण त्याचे गिऱ्हाईक येरमाळ्याचे असते. गिऱ्हाइकाची कमाई कमी म्हणून त्याचा दरही कमी.

हे मी बँकेच्या परीक्षेसाठी कधीतरी पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो मात्र स्वयंपाकघरात.

आमच्याकडे भांडी-फरशीला एक बाई येतात. पत्नी त्यांना मावशी म्हणते, वयाने त्या तिच्याहून लहान आहेत. एकदा भांडी घासता घासता त्यांनी विचारले, "काकू, तिकडं भांडे घासायला किती देतेत?" पत्नी म्हणाली, "तिकडं मशीन असतं." "मंग मशीन नसलेल्याला?" पत्नीने माझ्याकडे पाहिले. मला न्यू जर्सीची किमान मजुरी ठाऊक होती. २०२५ मध्ये ती तासाला १५ डॉलर ४९ सेंट होती, म्हणजे तेराशे रुपयांहून अधिक. आम्ही मावशींना महिन्याला बाराशे देत होतो. गावात चालतो तोच दर, कमी नाही, जास्त नाही. मी म्हणालो, "तिकडं महागाई फार आहे." त्या म्हणाल्या, "हितं कुठं कमी हाय सायेब?"

त्या रात्री मी एक गणित केले. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. दिवसाची. ८५ च्या दराने ती भागली तर अन्याय होईल म्हणून जागतिक बँकेच्या त्या २० रुपये ६५ पैशांनी भागली. भारतातल्या सगळ्या स्वस्ताईचा फायदा धरला तरी उत्तर आले १५ डॉलर. येरमाळ्यातला पूर्ण दिवस म्हणजे एडिसनमधला एक तास, तोही नाही. आणि ही सवलतीची भागणी मावशींना लागू तरी कितपत? वीस रुपयांचा तो आकडा सगळ्यांच्या सरासरीचा आहे, आणि त्यात माझी कटिंग, नळवाला आणि भांडीवाल्या बाई आहेत. मावशी स्वतःची भांडी स्वतः घासतात. त्यांच्या खर्चात असते गोडे तेल, मुलाच्या मोटरसायकलचे पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, मुलीच्या कॉलेजचा खर्च, बचत गटाचा हप्ता. रिचार्ज तेवढा इथे खरोखर स्वस्त आहे. बाकीचा बराचसा बाजार त्या जगाच्या भावाने करतात आणि आपले हात गावाच्या भावाने विकतात. सप्टेंबर २०२५ च्या पावसात आमच्या भागातले सोयाबीन पाण्याखाली गेले तेव्हा हातांना गावचा भावही मिळेना, काढायला पीकच उरले नव्हते.

आजोबांना कलदार मिळायचा आणि सारा हालीत भरायचा होता, त्यांचे चार आणे सुटायचे. मावशींचे उलटे आहे. कमाई हालीत आणि दुकान कलदारात. आणि मुलाच्या तक्त्यात जी माझी बचत म्हणून दिसत होती, त्यातली बरीचशी मावशींच्या, न्हाव्याच्या आणि नळवाल्याच्या खिशात न गेलेली रक्कम होती. फोन करणाऱ्याला हे कसे सांगू? तो बिचारा एक आकडा विचारत असतो.

पत्नीने आकडेमोड केली नाही. पुढच्या एक तारखेला तिने मावशींच्या हातावर दोन हजार ठेवले. आठवड्याभरात शेजारच्या दोन घरांतून कुरकुर आली. त्यातल्या एक वहिनी पत्नीच्या लहानपणच्या मैत्रीण. त्या स्पष्टच बोलल्या, "तुमचं बरंय बाई, डॉलर येतेत. आमचे भाव कशाला बिघडवायलाव?" आमच्याकडे डॉलर येत नाहीत. माझे पेन्शन आहे, ते रुपयांत येते आणि त्यात भागते. पण वहिनींचे म्हणणे मला उडवून लावता येईना. त्यांच्या घरी चार एकर कोरडवाहू, मुलगा पुण्यात कंत्राटी कामावर आणि सासू अंथरुणावर. बाराशेचे दोन हजार झाले तर त्यांना बाई परवडणार नाही, आणि मग मावशींचे ते घर सुटेल. बाहेरचा पैसा गावात शिरतो तेव्हा असेच होते. चैत्री पौर्णिमेला यात्रेत माणूस मावेनासा होतो तेव्हाही भाव चढतात, पण ते चार दिवसांनी उतरतात. हमरस्त्याकडेच्या प्लॉटांचे भाव चढले ते उतरले नाहीत. पुण्याहून आणि परदेशातून आलेल्यांनी ते घेतले, आणि गावातली लग्नाची मुले भाड्याच्या खोल्या शोधत हिंडतात. परतणाऱ्यांत मीही आलो, मी प्लॉट घेतला नाही एवढेच.

तोड मावशींनीच काढली. पुढच्या महिन्यात त्यांनी बाराशे मोजून घेतले, उरलेले आठशे ओट्यावर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "हे काकू, तुमच्याकडंच डब्यात ठिवा. लागतील तसे नेते. कुणी इचारलं तर बाराच सांगा."

तेव्हापासून स्वयंपाकघरात फळीवर मोहरीच्या शेजारी एक डबा आहे. मावशी कधी दोनशे नेतात, कधी पाचशे. मुलीच्या परीक्षेच्या फीला एकदम सगळे नेले होते. माझ्या वहीत एक तारखेला दोन नोंदी होतात: भांडी-फरशी १२००, इतर ८००. ३६ वर्षांच्या नोकरीत 'इतर' या खात्याचा मला मनस्वी तिटकारा होता. खालून आलेल्या कागदावर तो शब्द दिसला की मी खुलासा मागवत असे.

मुलगा अजूनही तक्ता ठेवतो. दर तीन महिन्यांनी मी त्याला वहीतले आकडे वाचून दाखवतो आणि तो तिकडे भरून घेतो. परवा म्हणाला, "बाबा, बाकी सगळं अंदाजाप्रमाणे आहे. हे 'इतर' काय आहे? माझ्या रकान्यात बसत नाही."

मी फोन त्याच्या आईकडे दिला.