कात्रणाचा कवी

अनारसा वर्षातून एकदा ताटात मिरवतो. म्हणून रोजच्या वरणभाताला कोणी नावे ठेवते काय? पण आमचे साहित्यपंडित ठेवतात! ‘वर्तमानपत्री कवी’ हे शब्द ते शिवीसारखे हासडतात. या शिवीचा सर्वांत मोठा धनी म्हणजे अमेरिकेतील एडगर गेस्ट. आज मी त्याचे वकीलपत्र घेतले आहे.

१८८१ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे जन्मलेला हा मुलगा १८९१ साली आईबापांबरोबर डेट्रॉइटला आला. १८९५ साली ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’च्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला. १८९८ साली वडील वारले आणि शाळा कायमची सुटली. पुढे तो बातमीदार झाला आणि पद्ये लिहू लागला. ती सुमारे तीनशे पत्रांत छापली जाऊ लागली. १९१६ सालच्या ‘अ हीप ओ लिव्हिन’ या संग्रहाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. १९५२ साली मिशिगन राज्याने त्याला राजकवी केले. १९५९ साली तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर अकरा हजारांच्या आसपास कविता होत्या. दिवसाला एक म्हटली, तरी तीस वर्षांचा रतीब!

टीकाकार म्हणतात, गेस्ट भाबडा आणि गोडगट्ट. घर, आई, शेजार यांपलीकडे त्याची नजर गेली नाही. यात पुष्कळ तथ्य आहे. त्याची पद्ये वाचताना मलाही मधूनच मिठाचा खडा हवासा वाटतो. पण गेस्ट स्वतःला कवी म्हणवतच नसे. आपण पद्ये लिहिणारे वर्तमानपत्रवाले, एवढेच त्याचे म्हणणे. ज्या सिंहासनावर तो बसलाच नाही, तेथून त्याला खाली ओढण्यात कसला पुरुषार्थ?

माझे खरे भांडण पुढेच आहे. सामान्य माणूस कवितेकडे फिरकत नाही, म्हणून जे गळा काढतात, त्यांनीच रतिबाच्या कवीला दारातून हुसकले. मोटारींच्या कारखान्यांच्या त्या शहरात सकाळच्या बातम्यांच्या शेजारी चार ओळींना जागा होती, ही काय लहान गोष्ट झाली? ज्या घरात कवितेचा रोजचा राबता आहे, त्याच घरात उद्या थोर कवीसाठी पाट मांडला जाईल. जेथे राबताच नाही, तेथे थोर कवीही उंबऱ्याबाहेर ताटकळेल.

तेव्हा वाचकहो, या अंकातली जी कविता मनाला भिडेल, तिचे खुशाल कात्रण काढा. ती थोर आहे की नाही, हे विचारायला कोणाकडे जाऊ नका. पंडित रागावले, तर रागावोत!